आधी सांगायचं, मग हात लावायचा

नर्सिंग कॉलेजात आम्हाला एक मॅडम होत्या, त्यांचा एकच हट्ट असायचा. पेशंटला हात लावायच्या आधी त्याला सांगायचं. आता ब्लडप्रेशर बघते, आता कूस बदलते, आता सुई टोचणार आहे, थोडं दुखेल. पेशंट शुद्धीवर असो वा नसो, सांगायचं. माणसाचं बाकी सगळं बंद पडलं तरी कान शेवटपर्यंत चालू असतात, असं त्या म्हणायच्या. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी रबरी पुतळ्याला "अम्मा, जरा हात वर घेते हं" म्हटलं, तेव्हा मागच्या पोरी फिदीफिदी हसल्या. माझ्या नाकावर राग असतोच. मी वळून म्हटलं, "तुम्ही आजारी पडून या माझ्याकडं, न सांगता टोचते की नाही बघा."

परीक्षकही हसले, पण मार्क चांगले दिले.

पहिली नोकरी लागली ती हैदराबादेत, कोठी भागातल्या एका गल्लीतल्या खाजगी दवाखान्यात. खाली जुन्या पुस्तकांची दुकानं, समोर औषधांची, आणि दिवसभर हॉर्न. घरून, म्हणजे नल्लकुंट्याहून, बसनं यायला फार वेळ लागत नसे. आमचं मराठी घराणं तीन पिढ्या हैदराबादचं. आजोबा सरकारी नोकरीत होते, वडील शिक्षक. घरात नर्स झालेली मी पहिलीच. आईला त्याचा अभिमान होता आणि भीतीही. मी ड्यूटीवरून आले की आंघोळ केल्याशिवाय मला कशाला शिवू द्यायची नाही. आंघोळ करून आले की माझे हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "मेलं, बर्फात काम करतेस का काय?" माझे हात लहानपणापासून गार. मे महिन्यातसुद्धा गार.

वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना आम्ही अक्का म्हणायचो. अक्का मनानं चांगल्या, पण माझ्या बोलण्याला वैतागायच्या. मी गुंगीतल्या पेशंटशी बोलत बसले की दारातून ओरडायच्या, "इत्ते बातां कायकू? वो सुनते क्या? हाथ चला पहले!" मी हात चालवायची, आणि बोलायचीही. अक्का कपाळावर हात मारून निघून जायच्या.

तिथं लागून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा कोपऱ्यातल्या स्पेशल रूममध्ये एक आजी आल्या. पुण्याच्या. मुलगा इथं आयटीत, म्हणून म्हातारपणी नवराबायको त्याच्याकडं राहायला आलेले. मेंदूत रक्तस्राव होऊन आजी बेशुद्ध झाल्या त्या झाल्याच. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, त्रास होऊ द्यायचा नाही एवढंच आपल्या हाती आहे. व्हेंटिलेटर लावायचा नाही, हे घरच्यांनी ठरवलं होतं. मुलगा ऑफिसच्या कामानं परदेशात अडकलेला, धावपळ सगळी सुनेच्या गळ्यात.

आणि आजोबा. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. त्यात नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेला. तरी रोज सकाळी काठी टेकत यायचे आणि खिडकीकडच्या खुर्चीवर बसून आजींचा डावा हात धरून ठेवायचे. मी पहिल्या दिवशी त्यांना हात द्यायला गेले तर म्हणाले, "काठी आहे हो माझी," आणि माझा हात घेतला नाही. पुढेही कधी घेतला नाही.

वॉर्डात मराठी येणारी मी एकटीच, म्हणून ती खोली माझ्याकडं आली. पहिल्या दिवशी मी नेहमीप्रमाणं म्हटलं, "आज्जी, अंग पुसायलेय हं."

आजोबांनी मान वर केली. "पुसायलेय? हे कुठलं मराठी?"

"इथलं," मी म्हटलं.

"असू दे, असू दे. कळतंय हिला." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पाणी गार आहे म्हणतेय ही."

मी हसले. म्हाताऱ्या माणसांचं असतं तसं, आयुष्यभर बायकोच्या वतीनं बोलायची सवय असेल असं वाटलं. मी पाणी बदलून आणलं. "आता बरंय म्हणते," आजोबा म्हणाले.

तेव्हापासून आमचं तिघांचं असं चालायचं. मी आजींना सांगायची आणि आजोबा उत्तर द्यायचे. ही म्हणते, पडदा ओढ. ही म्हणते, आज तुझा आवाज बसलाय. मला गंमत वाटायची. मग एक दिवस म्हणाले, "उजव्या टाचेला झोंबतंय म्हणतेय ही." मी पांघरूण उचलून बघितलं. उजवी टाच लाल झाली होती, अजून एक दिवस गेला असता तर कातडी सुटली असती. आजोबा डावीकडं, उशाजवळ बसलेले. पायाकडं ते कधी आलेच नव्हते. आले असते तरी त्यांना काय दिसणार होतं?

मी टाचेखाली कापसाची गादी ठेवली आणि मनाची समजूत घातली, की पन्नास वर्षांचा संसार आहे, एका बाजूला फार वेळ झोपलं की हिची टाच दुखते हे नवऱ्याला माहीत नसेल तर कुणाला? समजूत पटलीही. पण मी मुळातच खोडसाळ, मला गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा डोळे मिटून बसले होते, पंखा चालू होता, खाली भंगारवाला ओरडत होता. मी पाऊल न वाजवता पलंगाजवळ गेले. काही बोलले नाही. एक बोट, फक्त एक बोट, आजींच्या कपाळाला टेकवलं.

"दचकली ना ही," आजोबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "सांगत जा गं आधी."

मी आजींकडं बघितलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. तशीच घरघर, तसाच अर्धवट उघडा डोळा. "सॉरी आज्जी," मी म्हटलं आणि बाहेर येऊन पाणी प्यायले. घरी कुणाला सांगितलं नाही. आईनं मीठ-मोहऱ्या घेऊन ओवाळलं असतं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायला लावला असता.

आजींचा श्वास दिवसेंदिवस मोठा आणि खरखरीत होत गेला. लिफ्टच्या दारापर्यंत ऐकू यायचा. मुलाचं एकदाचं सगळं जमलं, तो निघाला, विमान सकाळी उशिरा शमशाबादला उतरणार, असं सून सांगून गेली. त्या सकाळी मी खोलीत शिरले तर दोन श्वासांमधलं अंतर वाढलेलं होतं. अक्का येऊन बघून गेल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. आजोबांना सुनेनं खालच्या मजल्यावर त्यांच्या स्वतःच्या तपासणीला नेलं होतं, रात्रभर त्यांच्या छातीत दुखत होतं म्हणून.

"आज्जी, तोंड पुसायलेय हं," मी म्हटलं आणि ओल्या कापसानं ओठ पुसले. एक श्वास झाला. दुसऱ्याची मी वाट बघत राहिले. कापूस तसाच हातात. खोली एवढी शांत झाली, की खालच्या दुकानदाराचं कुणाशी तरी चाललेलं भांडण शब्दन् शब्द ऐकू यायला लागलं.

डॉक्टर आले, तपासलं आणि मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर गेलेला हा पहिला पेशंट. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते काही आलं नाही. हात मात्र थरथरायला लागले.

सून धावत वर आली. एकदा सासूकडं बघितलं आणि तोंडावर ओढणी दाबून भिंतीला टेकली. मग डॉक्टरांना म्हणाली, "बाबांना आत्ता सांगू नका. प्लीज. ते खाली बसलेत, रिपोर्ट चांगला नाहीये. हा पोचेपर्यंत तरी. माझ्या एकटीच्यानं नाही होणार." तिचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी विचार केला. आजोबांचा रिपोर्ट त्यांच्या हातातच होता. "मुलगा येईपर्यंत त्यांना खालीच बसवा," ते म्हणाले. "जवळ माणूस असताना सांगू."

पण आजोबा खाली बसणारे नव्हतेच. आमचं बोलणं चालू असतानाच लिफ्टचं दार उघडलं आणि काठीचा आवाज यायला लागला. डॉक्टर पुढं झाले, "आजोबा, जरा आराम करा," वगैरे म्हणाले. "माझी खुर्ची आत आहे," आजोबा म्हणाले, आणि आत येऊन बसले. चाचपून आजींचा डावा हात धरला.

डॉक्टर, अक्का, सून, सगळे दाराशी. आजोबांचा चेहरा शांत होता. थोड्या वेळानं म्हणाले, "सिस्टरबाई आहेत ना? आज गप्प का?"

अक्कांनी माझा दंड धरला. रोज माझ्या बोलण्यावर ओरडणाऱ्या अक्का कानात कुजबुजल्या, "बात कर. रोज के जैसा. बात कर, अम्मा."

आणि सगळे बाहेर गेले. डॉक्टर दारापलीकडं इंजेक्शनची तयारी ठेवून थांबले. आत मी, आजोबा आणि आजी.

बाहेर लख्ख ऊन होतं. पडद्यातून त्याची एक पट्टी आजींच्या पांघरुणावर पडली होती. मला तिथून पळून जायचं होतं, हे अगदी खरं सांगते. पण आणखी एक गोष्ट मला माहीत होती. माणूस गेल्यावर थोड्या वेळात अंग ताठ व्हायला लागतं. डोळे मिटायचे, जबडा बांधायचा, हातपाय सरळ करायचे, ते आत्ताच करायला हवं. नाहीतर मुलगा येईल तेव्हा त्याला आईचं तोंड उघडं दिसेल आणि जन्मभर तेच दिसत राहील. म्हणजे सगळं करायचं, आजोबांच्या समोर, आणि त्यांना संशय न येऊ देता.

"आज्जी," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच. "डोळ्यांत औषध घालायलेय. डोळे मिटून ठेवा हं." मी पापण्या खाली ओढल्या आणि त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या.

"बरं वाटलं म्हणतेय ही," आजोबा म्हणाले.

मी कापूस पुन्हा एकदा दाबून बसवला.

"ते मशीन वाजत नाही आज?" त्यांनी विचारलं.

"मॉनिटर? त्याच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून बंद केलंय."

"बरं केलंत. कटकट होती म्हणतेय."

मी बँडेजची पट्टी घेतली. "आज्जी, मान सारखी कलतीय, हनुवटीला आधार लावायलेय." पट्टी हनुवटीखालून डोक्यावर नेली. माझ्या बोटांना गाठ मारता येईना.

"घट्ट नको म्हणते," आजोबा म्हणाले. मग किंचित थांबून, "आणि विचारतेय, या पोरीचे हात का थरथरतायत?"

मी दाराकडं बघितलं. काचेतून अक्का दिसत होत्या, हातानं "चालू ठेव" म्हणत होत्या. आजोबांचा चेहरा खिडकीकडं होता. त्यांना उजेडाची ती पट्टी तेवढी कळत असणार, माझे हात कुठून कळणार? मला एकदम वाटलं, की आजींकडं बघू नये. बघितलं तर काहीतरी दिसेल. आणि काम तर असं, की बघितल्याशिवाय होणार नाही.

"सकाळपासून काही खाल्लं नाही आज्जी, म्हणून," मी म्हटलं.

"खाऊन येत जा म्हणते."

मी अंग पुसलं. हात सरळ केला, उजवा. डावा आजोबांच्या हातात होता. प्रत्येक वेळी आधी सांगितलं आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं. पाठीखाली चुरगळलंय, चादर नीट कर. चुरगळलेलं होतं. गाऊनची नाडी मानेला रुततेय. रुतत होती. शेवटी शेवटी माझी भीती जाऊन तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, त्याला काय म्हणतात मला अजून सापडलेलं नाही. मी सांगत होते आणि मला उत्तर मिळत होतं. सकाळी मी ज्यांचा शेवटचा श्वास बघितला, त्या बाईशी माझं बोलणं चाललं होतं.

केस विंचरायचे राहिले होते. "आज्जी, वेणी घालायलेय. लेक येतोय ना, त्याचं विमान उतरलं." मी पातळ पांढरे केस सोडवले, विंचरले आणि वेणी घालून खांद्यावरून पुढं घेतली. आजोबा काही बोलले नाहीत. मी थांबले. उत्तर आलंच नाही.

आता फक्त पायाचे अंगठे एकत्र बांधायचे होते. पट्टी हातात घेऊन मी पायाशी उभी राहिले. काय सांगू? डोळ्यांना औषध, मानेला आधार. अंगठे बांधायला जिवंत माणसाच्या बाबतीत काहीही निमित्त नसतं. डोकं खाजवलं तरी सुचेना. शेवटी पट्टी खिशात घातली, म्हटलं राहू दे, मागून करू.

"अंगठे राहिले ना गं?" आजोबा म्हणाले.

मी त्यांच्याकडं वळले.

"आजोबा, तुम्हाला..."

"लिफ्टमधून बाहेर पडलो तेव्हाच. हिचा श्वास तिथपर्यंत ऐकू यायचा." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त थोडा दमलेला. "सुनेला सांगू नकोस. पोर आधीच घाबरलीय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर तू गप्प झाली असतीस. सगळेच गप्प झाले असते. हिच्याशी कोण बोललं असतं मग?"

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "आणि मघाशी आज्जी म्हणाल्या ते? हात थरथरतात, चादर... ते तुम्हीच म्हणत होता ना?"

आजोबा जरा चिडले. कुणी उगाच शंका काढल्यावर चिडावं तसं. "मी कशाला म्हणेन? मला काय दिसतंय? ही म्हणाली ते सांगितलं." मग हातातला हात थोपटत म्हणाले, "आता नाही बोलत. वेणी घातलीस तेव्हापासून गप्प आहे."

मी पट्टी काढली. "आज्जी," मी म्हटलं, "पायाचे अंगठे बांधायलेय हं." आजी गेल्यानंतर काही न लपवता मी बोलले ते हे एवढंच. सवयीनं थांबले. कुणी काही म्हटलं नाही. आणि तेव्हा मात्र मला रडू कोसळलं, पायाशी उभं राहून, हुंदके देत. आजोबांनी मला थांबवलं नाही.

मुलगा आला तो बॅग खांद्यावर तशीच घेऊन. दारात थबकला. बायकोच्या तोंडाकडं बघून त्याला कळलं. "कधी?" एवढंच म्हणाला. सुनेनं तोंड उघडलं, त्याआधी आजोबा बोलले.

"आत्ताच रे. तुझं विमान उतरलं म्हणून सिस्टरनी सांगितलं, तेवढं ऐकलं आणि गेली. विचार सिस्टरना."

त्यानं माझ्याकडं बघितलं. सून माझ्याकडं बघत होती, दाराबाहेरून अक्का बघत होत्या. आजोबांचा चेहरासुद्धा माझ्याकडं वळलेला. सकाळपासून मी त्यांच्याशी खोटं बोलत होते आणि आता तेच मला खोटं बोलायला लावत होते. फरक एवढाच, की हे खोटं होतं की नाही हे मला सांगता येईना.

"हौ," मी म्हटलं. "ऐकत होत्या."

त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. "किती गार पडलेत," तो म्हणाला. "दिवसभर पंखा चालू असतो ना इथं," आजोबा म्हणाले. कागदावर खरी वेळ लिहिलेली होती. त्यानं ती पुढं कधी बघितली का, मला माहीत नाही.

संध्याकाळी सगळं आवरून ते निघाले. व्हीलचेअर आणली होती, आजोबांनी नको म्हटलं. काठी टेकत कॉरिडॉरमधून आले आणि माझ्यासमोर बरोबर थांबले. मी एक शब्दही बोलले नव्हते.

"सिस्टरबाई, एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवसापासून ही म्हणत होती, पण तुला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही. तुझे हात फार गार असतात. लावायच्या आधी जरा चोळत जा."

मुलगा ओशाळून "बाबा" म्हणाला आणि मला म्हणाला, "मनावर घेऊ नका हं." लिफ्टचं दार बंद झालं. मी तिथंच उभी राहिले. आजोबांनी माझा हात एकदाही घेतला नव्हता.

आता मी त्याच कोठीत, दुसऱ्या दवाखान्यात आहे, आणि नव्या पोरी मला अक्का म्हणतात. मी त्यांना शिकवते, आधी हात चोळायचे, मग सांगायचं, मग लावायचे. का, ते सांगत नाही. कामाच्या घाईत जिवंत पेशंटच्या वेळी कधी कधी मी चोळायचे विसरते. गेलेल्या माणसाच्या वेळी अजून एकदाही विसरलेले नाही.